किल्ली कैद्याच्या हाती

ब्राझीलमध्ये साओ पाउलो आणि रिओ दि जानेरो या दोन महानगरांना जोडणारा हमरस्ता पाराईबा नदीच्या खोऱ्यातून जातो. या खोऱ्यात ताउबाते आणि साओ जोझे दोस कांपोस ही दोन शहरे एकमेकांपासून ४०-४५ किलोमीटरवर आहेत. ऑगस्ट १९९३ मध्ये ताउबातेच्या कडेकोट तुरुंगात काही कैद्यांनी एक टोळी बांधली. तिचे नाव ‘प्रिमेइरो कोमांदो दा कापिताल’. वर्षभरापूर्वी साओ पाउलोच्या काराँदिरू तुरुंगात दंगल मोडताना पोलिसांनी १११ कैदी मारले होते. त्या संहाराचा सूड आणि कैद्यांचे रक्षण या दोन गोष्टींवर ही टोळी वाढली. तिने कैद्यांना वकील मिळवून दिले, त्यांच्या कुटुंबांना आधार दिला आणि बदल्यात त्यांचे आयुष्य मागितले. आज ती दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत बलाढ्य गुन्हेगारी संघटनांपैकी एक आहे.

शेजारच्या साओ जोझे दोस कांपोसमध्ये त्याआधी २१ वर्षे तुरुंगातूनच आणखी एक संघटना निघाली होती. तीही कैद्याला वकील मिळवून देत होती, त्याच्या घरच्यांना धरून होती, त्याला नावाने हाक मारत होती. तिची सुरुवात मात्र चर्चमध्ये नेमाने मिस्सेला जाणाऱ्या संसारी, नोकरदार माणसांनी केली होती. तिचे नाव ‘आपाक’. राज्याने कैद्याला वाऱ्यावर सोडले की त्याच्या आयुष्यात मोकळी जागा तयार होते आणि कोणी ना कोणी ती भरतेच. ही जागा माणुसकीने भरता येते का, याचा शोध या मंडळींनी पन्नास वर्षे घेतला. त्यांची कहाणी महाराष्ट्रात फारशी कोणाला ठाऊक नाही, आणि ती ठाऊक असायला हवी.

१९७०च्या सुमाराला साओ जोझे दोस कांपोस झपाट्याने बदलत होते. १९६९ मध्ये तिथे एम्ब्रायेर हा विमानांचा कारखाना सुरू झाला होता आणि हमरस्त्याच्या कडेने उद्योग उभे राहत होते. गावोगावची माणसे कामासाठी येत होती. लोकसंख्या वाढली तशी गुन्हेगारीही वाढली, पण तुरुंग होता तोच राहिला. शहरातला उमाइता तुरुंग पोलिसांच्या ताब्यात होता. तपास करणारे, पकडणारे आणि कोंडून ठेवणारे हात एकच होते. देशावर १९६४ पासून लष्कराची सत्ता होती, त्यामुळे कोठडीत काय चालते हे विचारणारेही फार नव्हते. शिक्षा झालेले आणि खटल्याची वाट पाहणारे एकाच खोलीत दाटीवाटीने झोपत. कोणाची शिक्षा कधी संपते याची नोंदसुद्धा धड नसे.

चर्चमध्येही त्या काळात बरेच काही हलत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या नोव्हेंबरात प्रापंचिकांच्या सेवाकार्यावर स्वतंत्र आदेश काढला होता. धर्मगुरू आणि मठवासी यांच्याइतकीच जबाबदारी घरसंसार करणाऱ्या श्रद्धावंतांवरही आहे, असे त्याने स्पष्ट केले. १९६८ मध्ये कोलंबियातील मेदेयिन येथे लॅटिन अमेरिकेचे बिशप जमले आणि त्यांनी गरिबांचा प्रश्न ख्रिस्तसभेच्या ऐरणीवर आणला. त्याच सुमारास ‘कुर्सिल्यो’ नावाची प्रापंचिकांची चळवळ ब्राझीलभर पसरत होती. ती मूळची स्पेनमधल्या मायोर्का बेटावरची. तीन दिवसांचे चिंतन-शिबिर करायचे आणि मग आपल्या रोजच्या जगात, कचेरीत, बाजारात, मोहल्ल्यात श्रद्धा जगायची, असा तिचा शिरस्ता होता.

मारिओ ओट्टोबोनी हे या वातावरणातले गृहस्थ. ते वकील आणि पत्रकार होते आणि कुर्सिल्योतून घडले होते. शिबिर संपल्यावर करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांना घराजवळच्या तुरुंगात सापडले. त्यांनी पंधराएक सोबती जमवले आणि १८ नोव्हेंबर १९७२ रोजी उमाइता तुरुंगात काम सुरू झाले. गटाच्या नावाचा अर्थ होता, शेजाऱ्यावर प्रेम करशील तर ख्रिस्तावर प्रेम करशील. पोर्तुगीजमधल्या या शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘आपाक’ हे नाव तयार झाले.

आरंभी योजना साधीच होती. कैद्यांना भेटायचे, त्यांच्यासोबत प्रार्थना करायची आणि त्यांना धीर द्यायचा. जगभरच्या तुरुंगांत धर्मसेवक हेच करत आले आहेत आणि त्याची किंमत कमी नाही. परंतु ओट्टोबोनी वकील होते, तेव्हा त्यांनी कैद्यांची नीट पाहणी करायला घेतली. कोणाला कोण आहे, कोणाचा खटला कुठे अडला आहे, कोणाला कोणता आजार आहे, बाहेर पडल्यावर कोण कुठे जाणार, हे ते विचारू लागले. तेव्हा लक्षात आले की शिक्षा संपूनही आत असलेल्या माणसासमोर नुसती प्रार्थना म्हणून भागत नाही. दात दुखणाऱ्याला आधी दाताचा डॉक्टर हवा असतो. पोरांची खबर नसलेल्याला त्यांची खबर हवी असते. मग गटात डॉक्टर आले, शिक्षक आले, आणखी वकील आले. तुरुंगाच्या भिंतीतून एक छोटे गावच आत शिरू लागले.

यातूनच पहिला संघर्ष उभा राहिला. तुरुंगात खुशालीच्या गप्पा करणाऱ्यांना कोणी अडवत नाही, पण नोंदी मागणाऱ्यांची अडचण होते. प्रार्थनागट म्हणून या लोकांना कायद्यासमोर काहीच पत नव्हती. उद्या दार बंद झाले तर दाद मागायलाही जागा नव्हती. म्हणून १९७४ मध्ये त्यांनी रीतसर संस्था नोंदवली. आद्याक्षरे तीच ठेवली आणि अर्थ बदलला. ‘दोषसिद्ध कैद्यांचे संरक्षण व साहाय्य करणारी संस्था’ असे नवे नाव झाले. आता एकाच नावाखाली दोन कामे चालू लागली. एक आत्म्याची काळजी घेणारे होते आणि दुसरे त्या कामाला कायद्याचे छत्र देणारे. न्यायाधीश सिल्व्हिओ मार्केस नेतो यांनी कैद्यांच्या शिक्षेच्या अंमलबजावणीत या संस्थेला आपला सहकारी मानले, आणि हा पाठिंबा निर्णायक ठरला. पुढच्या पन्नास वर्षांत आपाक जिथे जिथे टिकली तिथे तिच्यामागे एखादा न्यायाधीश ठामपणे उभा होता. जिथे तो हलला तिथे संस्थाही हलली.

१९८१ चा फेब्रुवारी महिना या मंडळींची कसोटी पाहणारा ठरला.

फ्रांझ दे कास्त्रो होल्झवार्थ हे ३८ वर्षांचे अविवाहित वकील ओट्टोबोनींचे निकटचे सहकारी होते. वकिलीचा मोठा भाग ते तुरुंगातल्या माणसांसाठी विनामोबदला देत. १४ फेब्रुवारीला शेजारच्या जाकारेई शहरातल्या तुरुंगात बंड झाले आणि कैद्यांनी काही जणांना ओलीस धरले. अशा वेळी दोन्ही बाजूंचा विश्वास असलेली माणसे थोडी असतात, म्हणून ओट्टोबोनी आणि फ्रांझ यांना मध्यस्थीसाठी बोलावण्यात आले. बोलणी ताणली गेली. बंडखोरांना गाडीतून बाहेर पडायचे होते आणि त्यांच्या ताब्यात एक पोलीस होता. त्याच्या जागी आपण ओलीस होतो, असे फ्रांझ यांनी सांगितले आणि ते गाडीत बसले. बाहेर पोलिसांनी गाडीवर गोळीबार केला. बंडखोरांसोबत फ्रांझही मारले गेले.

पोलिसाचा जीव वाचवायला पुढे झालेला माणूस पोलिसांच्याच गोळ्यांनी गेला. या घटनेने चळवळ खचेल असे वाटणे स्वाभाविक होते, कारण ‘कैद्यांचे लाड करणाऱ्यांना’ नावे ठेवायला लोकांना आयते निमित्त मिळाले होते. ओट्टोबोनी मागे हटले नाहीत. साओ जोझे दोस कांपोसच्या धर्मप्रांताने पुढे फ्रांझ यांना धन्यवादित जाहीर करण्याची प्रक्रिया सुरू केली आणि आज त्यांचा उल्लेख ‘देवाचे सेवक’ असा होतो. या धर्मप्रांताचे कॅथेड्रल संत दिमास यांच्या नावाने आहे. येशूसोबत क्रुसावर खिळलेला आणि अखेरच्या घटकेला पश्चात्ताप झालेला चोर तो हाच.

१९८०च्या दशकात आपाकने आपले सर्वांत धाडसी पाऊल टाकले. मधल्या काळात बंद पडलेला उमाइता तुरुंग लोकवर्गणीतून दुरुस्त झाला आणि पोलिसांशिवाय चालवायला संस्थेच्या हाती आला. दारावर बंदूकधारी पहारेकरी नव्हते. आतली व्यवस्था स्वयंसेवक आणि कैदी मिळून पाहत. कोर्टात किंवा इस्पितळात न्यायच्या कैद्यासोबत दुसरा कैदीच जाई. ज्याच्यावर काल पहारा होता तो आज पहाऱ्यावर, ही गोष्ट ऐकायला सुंदर आहे, पण ती घडवायला दहा वर्षांची पायाभरणी लागली होती. शिस्त ढिली नव्हती, उलट नेहमीच्या तुरुंगापेक्षा कडकच होती. फरक इतकाच की ती पाळून घेणारे सोबतीच होते.

अमेरिकेचे चार्ल्स कोल्सन यांनी उमाइताला भेट दिली होती. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निकटच्या वर्तुळातले हे गृहस्थ वॉटरगेट प्रकरणात तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर त्यांनी १९७६ मध्ये कैद्यांसाठी ‘प्रिझन फेलोशिप’ ही संस्था काढली. ते कॅथलिक नव्हते, इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट होते. उमाइतातला एक प्रसंग ते अनेकदा सांगत. त्यांना तुरुंग दाखवणारा कैदी त्यांना एका कोठडीशी घेऊन गेला. पूर्वी तिथे कैद्यांचा छळ होत असे आणि आता आत एकच कैदी राहतो, असे त्याने सांगितले. त्याने जड दार उघडले. आत कैद्यांनी कोरलेला क्रूस होता आणि त्यावर येशू होता. आमच्या सगळ्यांच्या वाटची शिक्षा हाच भोगतो आहे, अशा अर्थाचे काही तो कैदी हळूच बोलला. कोल्सन यांच्या सांगण्यामुळे उमाइताचे नाव ब्राझीलबाहेर पोहोचले आणि अनेक देशांतून माणसे ते पाहायला येऊ लागली.

नुसत्या भारावण्यावर धोरण ठरत नाही, म्हणून आकडेही पाहायला हवेत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बायरन जॉन्सन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उमाइता आणि साओ पाउलो राज्यातलाच ब्रागान्सा पाउलिस्ताचा तुरुंग या दोघांची तुलना होती. ब्रागान्सात भर उद्योग आणि कौशल्यावर होता, तर उमाइतात श्रद्धेवर. तीन वर्षांत पुन्हा तुरुंगात आलेल्यांचे प्रमाण उमाइतात १६ टक्क्यांच्या आसपास आणि ब्रागान्सात ३६ टक्क्यांच्या आसपास निघाले. ब्राझीलमधल्या सर्वसाधारण तुरुंगांसाठी सांगितल्या जाणाऱ्या आकड्यांपुढे दोन्ही फार कमी आहेत. मात्र आपाकमध्ये येणारा कैदी स्वतः अर्ज करून येतो, म्हणजे बदलायची इच्छा त्याच्यात आधीच असते. त्यामुळे यशाचे सगळे श्रेय पद्धतीला देता येत नाही. चळवळीचे प्रचारक हे सांगताना कचरतात. त्यांनी तसे करू नये, कारण एवढे मान्य करूनही उरणारा फरक मोठा आहे.

हा अभ्यास छापून आला तेव्हा उमाइतातली आपाक संपलेली होती. गेल्या शतकाच्या अखेरीस तिचे दिवस फिरले आणि साओ पाउलो राज्याने वेगळी वाट धरली. ब्रागान्सात समाजाला तुरुंगाच्या कारभारात सहभागी करून घेणारे न्यायाधीश नागाशी फुरुकावा पुढे राज्याचे तुरुंग-सचिव झाले. त्यांनी ‘पुनर्समाजीकरण केंद्रे’ सुरू केली. त्यांत सामाजिक संस्थांचा सहभाग ठेवला, पण सुरक्षा सरकारकडे राहिली आणि श्रद्धा मध्यवर्ती राहिली नाही. मे २००६ मध्ये ताउबातेत जन्मलेल्या त्या टोळीने तुरुंगांत एकाच वेळी बंडे केली, रस्त्यांवर पोलिसांवर हल्ले केले आणि सगळे साओ पाउलो शहर वेठीस धरले. त्याच महिन्यात फुरुकावा यांनी पद सोडले. पाराईबाच्या खोऱ्यात निघालेल्या दोन संघटनांपैकी कोणती राज्यभर पसरली, हे सांगायला आणखी पुराव्याची गरज उरली नाही.

आपाक मात्र तोवर डोंगर ओलांडून शेजारच्या मिनास जेराइस राज्यात रुजली होती.

बेलो होरिझाँतीपासून सुमारे ८० किलोमीटरवर इताउना हे लोखंड-पोलादाच्या उद्योगाचे गाव आहे. १९८३ मध्ये तिथला वाल्देसी फेरेइरा हा तरुण कॅथलिकांच्या एका गटासोबत गावच्या तुरुंगात गेला. तो कारखान्यात काम करायचा. तुरुंगातली घाण, अंधार आणि माणसांची अवस्था पाहून तो हादरला. पुढे तो कोंबोनी मिशनचा प्रापंचिक मिशनरी झाला आणि त्याने सगळे आयुष्य या कामाला वाहून टाकले. साओ जोझे दोस कांपोसला जाऊन त्याने ओट्टोबोनींची पद्धत शिकून घेतली आणि इताउनात आपाक सुरू केली. १९९५ मध्ये बंडात गावचा तुरुंग उद्ध्वस्त झाला. कैद्यांना ठेवायचे कुठे, असा प्रश्न उभा राहिला. न्यायाधीश पाउलो आंतोनिओ दे कार्व्हाल्यो यांनी आपाकवर विश्वास टाकला आणि १९९७ पासून इताउनाची आपाक पोलिसांशिवाय चालू लागली. उमाइता विझत असताना ही वात पेटली.

आपाकच्या दाराशी येणाऱ्या कैद्याला आत घेताना बेड्या काढल्या जातात. दारावरच्या पाटीचा आशय असा की इथे माणूस आत येतो आणि गुन्हा बाहेर राहतो. दार उघडणाराही कैदीच असतो आणि किल्ली त्याच्याकडे असते. इथे त्याला कैदी म्हणत नाहीत, ‘रिकूपेरांदो’ म्हणतात, म्हणजे सावरत असलेला. गणवेश नसतो. अंगावर स्वतःचे कपडे आणि छातीवर नावाची पट्टी असते. दिवस पहाटे ६ वाजता सुरू होतो आणि रात्री १० वाजता संपतो. प्रार्थना, साफसफाई, काम, शाळा आणि पुन्हा काम असा तो भरगच्च असतो. आळसाला जागा नाही, कारण तुरुंगातला रिकामा वेळ टोळीचा असतो, हे ओट्टोबोनींनी चांगले ओळखले होते. जेवण कैदीच शिजवतात आणि ते धातूच्या सुऱ्या-काट्यांनी जेवतात. नेहमीच्या तुरुंगात ज्या वस्तूची झडती होते ती इथे ताटाशेजारी ठेवलेली असते.

शिक्षेचे तीन टप्पे असतात. बंद टप्प्यात भर हस्तकलेवर असतो. हाताला धीर धरायची सवय लागते आणि आपल्या हातून चांगलेही काही होते हे माणसाला कळते. अर्धखुल्या टप्प्यात सुतारकाम, बेकरी किंवा असेच पोटापाण्याचे कौशल्य शिकवतात. खुल्या टप्प्यात माणूस दिवसा बाहेर कामाला जातो. भिंतीवर एक मोठा तक्ता असतो आणि त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे चुकांचे रंगीत ठिपके लागतात. किरकोळ चुकांचा निवाडा कैद्यांचीच समिती करते, तिला ‘प्रामाणिकपणा व ऐक्य मंडळ’ म्हणतात. पळून गेला किंवा हात उगारला, तर मात्र परत नेहमीच्या तुरुंगात रवानगी होते. इताउनातला एक कैदी आधी अनेक तुरुंगांतून पळालेला होता. इथून का पळाला नाहीस, असे न्यायाधीशांनी विचारल्यावर प्रेमापासून कोणी पळत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले, आणि आज ते कितीतरी आपाकांच्या भिंतींवर रंगवलेले आहे. ते उत्तर खोटे नाही. त्याच्या जोडीला जुन्या कोठडीत परत जाण्याची भीतीही आहेच, आणि दोन्ही मिळूनच ही व्यवस्था उभी आहे.

या पद्धतीतला सर्वांत हृद्य भाग म्हणजे धर्माचे आईबाप. ओट्टोबोनींच्या लक्षात आले की बहुतेक कैद्यांच्या मनात बाप म्हटले की मारहाण किंवा रिकामी जागा उभी राहते. देव हा पिता आहे, हे अशा माणसाला सांगून काय पोहोचणार? म्हणून गावातली जोडपी एकेका कैद्याचे पालक होतात. ती त्याला भेटतात, त्याचा वाढदिवस लक्षात ठेवतात, त्याच्या घरच्यांशी तुटलेला धागा जोडून देतात. यांना पगार नसतो. मोठ्या प्रशिक्षणातून गेलेले, पण नोकरी-धंदा सांभाळून येणारे हे शिक्षक, गृहिणी, निवृत्त माणसे म्हणजेच आपाकचा खरा पाया आहे. कुर्सिल्योच्या धर्तीवर ओट्टोबोनींनी कैद्यांसाठी चार दिवसांचे शिबिरही आखले. त्यात माणूस आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहतो, आणि अनेकांसाठी बदलाची सुरुवात तिथेच होते.

इताउनाचा अनुभव पाहून मिनास जेराइसच्या उच्च न्यायालयाने २००१ मध्ये ‘नोव्होस रुमोस’, म्हणजे नव्या दिशा, हा कार्यक्रम सुरू केला. न्यायमूर्ती जोआकिम आल्व्हेस दे आंद्रादे यांनी तो गावोगावच्या न्यायाधीशांपर्यंत नेला. २००४ मध्ये राज्याने कायदा करून आपाकशी करार करण्याची आणि खर्च देण्याची वाट मोकळी केली. साओ पाउलोत जे एकेका माणसाच्या जिद्दीवर उभे होते, त्याला मिनासमध्ये कायद्याची भिंत मिळाली. माझ्या मते आपाक टिकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. श्रद्धेने सुरुवात करून दिली, पण टिकवले करारपत्राने. सरकारलाही त्यात फायदा होता, कारण पहारेकऱ्यांचा पगार नसल्याने माणशी खर्च नेहमीच्या तुरुंगाच्या निम्म्याहूनही कमी येतो, असे सांगितले जाते.

आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. सरकारी पैशावर चालणाऱ्या तुरुंगात प्रार्थना दिनक्रमाचा भाग असावी का? कोणत्याही पंथाचा माणूस चालेल, असे आपाक म्हणते, आणि आज तिथे इव्हँजेलिकल कैदी आणि स्वयंसेवक मोठ्या संख्येने आहेत. पण श्रद्धाच नसलेल्याचे काय, याचे समाधानकारक उत्तर नाही. ज्याच्यासमोर दुसरा पर्याय उंदीर-घुशींच्या कोठडीचा आहे, त्याची संमती कितपत मोकळी मानायची, हाही प्रश्न आहे. दुसरी अडचण आकाराची आहे. एका केंद्रात २०० पेक्षा जास्त माणसे नकोत, असा ओट्टोबोनींचा आग्रह होता, कारण त्यापलीकडे प्रत्येकाचे नाव लक्षात राहत नाही. देशातल्या कैद्यांची संख्या मात्र ६ लाखांच्या पुढे आहे आणि स्वयंसेवक कारखान्यात तयार होत नाहीत.

मारिओ ओट्टोबोनी जानेवारी २०१९ मध्ये वारले. तोवर मिनास जेराइसबरोबर मारान्याओ, पाराना आणि इतर राज्यांतही आपाक पोहोचल्या होत्या. पोलिसांशिवाय चालणाऱ्या केंद्रांची संख्या आज साठाहून अधिक आहे. २०१८ च्या अखेरीस दक्षिणेतल्या पोर्तो आलेग्री शहरातही एक केंद्र सुरू झाले. त्या शहरातला मध्यवर्ती तुरुंग देशातला सर्वांत वाईट म्हणून संसदीय चौकशीत गाजला होता आणि त्याच्या बराकींवर टोळ्यांचेच राज्य होते. आता तिथल्या शिक्षा झालेल्या कैद्याला न्यायाधीशांकडे बदलीचा अर्ज करता येतो. कुटुंब त्याच भागात हवे, शिक्षा पक्की झालेली हवी आणि नियम पाळण्याची लेखी तयारी हवी. गुन्हा कोणता आणि शिक्षा किती वर्षांची, यावरून अर्ज नाकारला जात नाही.